तुळशीच्या नावाचं रोप

ज्या लग्नासाठी मी कुंड्या करून दिल्या होत्या, त्याला तीन आठवडे झाले असतील. दुपारचे चार वाजले होते, ऊन अजून उतरलं नव्हतं, आणि एक बाई स्कूटीवर पायांमध्ये मातीची छोटी कुंडी धरून माझ्या दुकानाशी येऊन थांबल्या. त्यांनी तोंडावरचा स्कार्फ सोडला, कुंडी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "ही तुमच्याकडचीच ना? मग हे काय उगवलंय तेवढं सांगा की."

कुंडी माझ्याकडचीच होती. आत चार बोटं उंचीची तीन-चार रोपं होती. हिरवीगार, तजेलदार. मी बघताक्षणी म्हणाले, तुळस. त्या म्हणाल्या, पान चुरगाळून बघा. मी एक पान बोटांत चुरगाळलं आणि नाकाशी नेलं. वास गोडसर होता, बडीशेपेच्या जवळ जाणारा, मागे लवंगेसारखं काहीतरी. वास छान होता. पण तो तुळशीचा नव्हता.

मी पुन्हा वास घेतला. मग दुकानाच्या मागच्या दारी माझीच तुळस आहे, तिचं पान आणून दोन्ही शेजारी ठेवली. माझं पान लहान, जरा खरखरीत, कडा कातरलेल्या. त्यांचं पान मोठं, मऊ, तुकतुकीत. त्या बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटी मी म्हणाले, तुळशीच्या पुष्कळ जाती असतात. त्या म्हणाल्या, असतील, आणि कुंडी तशीच ठेवून निघून गेल्या. त्यांना ती परत नको होती की मी तपास करावा म्हणून त्यांनी ठेवली होती, हेही मला कळलं नाही.

मी आधी एका शाळेत चित्रकला शिकवत होते. नोकरी सोडल्यावर घराच्या पुढच्या खोलीत हे दुकान काढलं. टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांतून उरलेल्या चिंध्यांच्या पिशव्या, ज्वारीच्या धाटांची बैलगाडी, कुंभाराकडच्या पणत्या आणि कुंड्या, हातकागदाच्या वह्या. प्लॅस्टिक अजिबात नाही, आणि सगळं हातांनी केलेलं. वस्तू करणारी माणसं मोजकीच आहेत. त्यांतले सगळ्यात जुने म्हणजे कागद करणारे चाचा.

चाचा मूळचे बाइंडर. आमच्या शाळेच्या ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं शिवायला यायचे तेव्हापासून मला "बाई" म्हणतात, ते अजूनही. बाइंडिंगचं काम कमी झालं तसे ते कागदाकडे वळले. कारखान्यातून पांढऱ्या सुताचं कातरण आणायचं, बारीक कापून दोन दिवस भिजत घालायचं, मग त्याचा लगदा करून हौदात सोडायचा. जाळीची चौकट त्यात बुडवून वर उचलली की जाळीवर कागदाचा ओला थर राहतो. तो जुन्या सोलापुरी चादरीवर पालथा घालायचा आणि पत्र्याच्या शेडमध्ये वाळवायचा. माणूस अतिशय हट्टी. कागदाची कड एक सूतभर वाकडी झाली तरी तो परत लगद्यात टाकणार. मी म्हणायची, चाचा, गिऱ्हाइकाला हातकागदाची कड वाकडीच आवडते. ते म्हणायचे, गिऱ्हाइकाला काय कळतंय.

त्या वैशाखात ओळखीच्या एक ताई आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. पाहुण्यांना स्टीलचे डबे द्यायचे नव्हते; काहीतरी लक्षात राहील असं हवं होतं. आम्ही दोघींनी बसून ठरवलं: छोटी कुंडी, आणि तिच्यात तळहाताएवढा गोल कागद, ज्यात तुळशीचं बी असेल. कागद मातीत पुरून पाणी घातलं की तुळस येणार. कागदावर मी स्वतः गेरूने मुलीचं आणि जावयाचं नाव लिहिणार, आणि खाली "आमच्या संसाराची तुळस तुमच्या अंगणात". ते वाक्य ताईंनी सुचवलं होतं आणि त्या त्याच्यावर फार खूश होत्या.

तुळशीचं बी मी स्वतः बियाणांच्या दुकानातून आणलं आणि चाचांना नेऊन दिलं. पंधरा दिवसांत त्यांनी दोनशे कागद करून दिले.

तर आता त्या कुंडीकडे बघत मी बसले होते आणि मला वाटत होतं, एखाद्या कुंडीत आधीचंच कुठलं तरी बी असेल. कुंभाराच्या मातीत काय काय असतं. पण दोन दिवसांनी दुसरा फोन आला. मग तिसरा. मग व्हॉट्सअॅपवर फोटो यायला लागले. एका फोटोत खिडकीत कुंडी, एकात गच्चीवर, एकात चक्क तुळशीवृंदावनात लावलेलं, हळदकुंकू वाहिलेलं. सगळीकडे तेच रोप. एकजण म्हणाले पुदिना आहे. एका मावशींनी सांगितलं मरवा आहे. कोणी लिहिलं, हे गवत आहे, उपटून टाका. मी प्रत्येकाला "बघून सांगते" एवढंच कळवत होते. काय बघणार होते, ते मला माहीत नव्हतं.

एका सकाळी ती कुंडी पिशवीत घालून मी मंगळवार पेठेत गेले. तिथे जवळच्या होटगी गावाहून एक म्हातारी फुलं घेऊन येते, तिच्याकडून मी कधी कधी शेवंती घेते. तिने पान बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून वास आल्यावरच म्हणाली, "सब्जा हाय की ह्यो. कुटं मिळाला एवडा?"

सब्जा म्हणजे उन्हाळ्यात सरबतात घालतात ते बी. पाण्यात टाकलं की फुगून बेडकाच्या अंड्यांसारखं होतं. मला बी माहीत होतं; त्याचं झाड असतं आणि ते असं दिसतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. म्हातारीने सांगितलं की सब्जाची पानं ती वेणीत घालते, हारात घालते, दर्ग्याला जाणारी माणसंही फुलांबरोबर नेतात. "देवालाबी चालतो आन् पिरालाबी," ती म्हणाली, आणि मला ते रोप विकणार का म्हणून विचारलं.

त्याच संध्याकाळी ताईंचा, म्हणजे मुलीच्या आईंचा, फोन आला. एरवी त्या मोकळ्या बोलतात. त्या दिवशी शब्द तोलून बोलत होत्या. त्यांच्या मोठ्या जावेने पान ओळखलं होतं. तिने सांगितलं, हा सब्जा आहे, हा कबरीवर घालतात. लग्नाच्या शुभकार्यात दोनशे घरांत हे पोचलं. जाऊबाई चार माणसांत बोलल्या होत्या. ताई म्हणाल्या, माझा तसा विश्वास नाही हो, पण तोंड कुठे कुठे धरू? मग त्यांनी विचारलं, "अहो, हा कागद बनवतं कोण?"

माझ्या वस्तूंवर "हाताने केलेले" एवढंच लिहिलेलं असतं. कोणाच्या हाताने, ते कधी कोणी विचारलं नव्हतं. चाचांचं नाव माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. हल्ली कुठल्या गोष्टीचा कोण काय अर्थ काढेल सांगता येत नाही. सब्जा, कबर आणि चाचांचं नाव एका वाक्यात आलं असतं, तर ते वाक्य किती तोंडांतून फिरून काय होऊन परत आलं असतं? मी म्हणाले, आमचे एक कारागीर आहेत, जुने आहेत, मी विचारते त्यांना. फोन ठेवल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी चाचांना वाचवलं की लपवलं, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. आजही नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेले. ते शेडमध्ये हौदाशी उकिडवे बसले होते. मी कुंडी पुढे केली आणि झालेलं सगळं सांगितलं. फक्त जाऊबाईंचं बोलणं तेवढं गाळलं. त्यांनी कुंडीकडे न बघताच हात झटकला. म्हणाले, "बाई, तुमी जे बी दिलं तेच मी टाकलं. माज्या घरात काय बियांचं दुकान हाय?" मी म्हणाले, चाचा, मी दोष देत नाही, फक्त विचारतेय. ते उठून आत निघून गेले. चाचींनी चहा आणून दिला. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि रिकामा कप घेऊन आत गेल्या.

तिथून मी थेट बियाणांच्या दुकानात गेले. मनात आलं होतं, चूक तिथलीच असणार. मालकांनी शांतपणे बरणी काढली आणि बी माझ्या तळहातावर ओतलं. तपकिरी, अगदी बारीक, मोहरीच्या निम्मंही नाही. मग त्यांनी सब्जाही काढून दाखवला. काळा कुळकुळीत, लांबट, चांगला तिप्पट मोठा. "यात गफलत होईल का?" त्यांनी विचारलं. होणार नाही. मला तर आठवत होतं की मी नेलेली पुडी तपकिरी बारीक बियांचीच होती. पण आता ते आठवत होतं, की नुकतंच तळहातावर पाहिल्यामुळे तसं वाटत होतं? दुकानातून बाहेर पडताना माझा माझ्यावरच विश्वास राहिला नव्हता. मीच सब्जा नेऊन दिला असेल का? सरबतासाठी मीही त्याच आठवड्यात सब्जा घेतला होता.

घरी येऊन मी उरलेले कागद काढले. दोनशेवर जादा केलेले सहा-सात माझ्याकडे नमुन्याला राहिले होते. उजेडात धरले. बिया काळ्या होत्या. लांबट होत्या. प्रत्येक बीभोवती कागदावर एक फिकट, पारदर्शक टिकली उठली होती. ओल्या लगद्यात बी फुगलं होतं आणि वाळताना ती खूण राहिली होती. मला स्पष्ट आठवलं, कागद आले त्या दिवशी मी त्या टिकल्या पाहिल्या होत्या आणि किती सुंदर दिसतात म्हणून मैत्रिणीला फोटो पाठवला होता. दोनशे कागद माझ्या हातांखालून गेले होते. प्रत्येकावर मी गेरूने नाव लिहिलं होतं. तरी मला बी दिसलं नव्हतं.

म्हणजे चूक चाचांकडे झाली होती हे कळलं. पण कशी, ते कळेना. ज्या माणसाला सूतभर वाकडी कड खपत नाही, तो काळं बी आणि तपकिरी बी यात घोळ कसा करेल? की तुळस संपली म्हणून त्यांनी मुद्दाम सब्जा टाकला, आणि आता कबूल करत नव्हते? तसे ते गेले काही महिने विचित्रच वागत होते. मी डिझाइनचा कागद पुढे केला की म्हणत, ठेवा, मागाहून बघतो. मी कधी रंगीत कातरण घेऊन गेले, तर एकाच रंगाचं आणा म्हणून हटून बसत. कागदाच्या कडा वाकड्या येत होत्या, कुठे जाड कुठे पातळ, आणि ते काही बोलत नव्हते. मला वाटलं होतं, शेवटी माझं ऐकायला लागले. खरं तर मी मनातून खूशच होते, कारण ते कागद जास्त खपत होते. एकदा वाटलं, त्यांचं मन या कामातून उडालंय. एकदा वाटलं, माझ्यावर कशावरून तरी रागावलेत. इतक्या दिवसांत तिसरं काही सुचलं नाही.

तीन दिवसांनी भर दुपारी चाची एकट्याच दुकानात आल्या. इतक्या वर्षांत त्या कधी आल्या नव्हत्या. बुरख्याचा पडदा वर करून त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या, आणि पिशवीतून स्टीलची छोटी डबी काढून माझ्यासमोर ठेवली. आत तुळशीचं बी होतं. तपकिरी, बारीक. मी नेऊन दिलेलं, जवळजवळ जसंच्या तसं.

आदल्या दिवशी गुलबर्ग्याहून त्यांची मुलगी आली होती. तिच्यासाठी सरबत करायला चाचींनी सब्जाची डबी काढली, चमचाभर बी पाण्यात टाकलं. ते नेहमीसारखं फुगेना. त्यांनी आणखी वाट पाहिली, मग बोटावर घेऊन बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. मी दिलेली पुडी चाचांनी चाचींच्याच एका डबीत ओतून ठेवली होती. सारख्या दोन डब्या एकाच फळीवर. कागद करायला बसताना त्यांनी हाताला लागली ती डबी उचलली होती.

मी म्हणाले, पण चाची, उघडल्यावर दिसलं असेल ना.

त्यांनी डबीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "दिखता नई बाई उनको. सात-आठ म्हयने हो गए. किसकू बोलने नई देते."

एका डोळ्याने तर काहीच दिसत नव्हतं. दुसऱ्याने उजेड आणि सावली एवढंच. चौकट, हौद, चादर, सगळं जागच्या जागी असल्यामुळे ते हातांनी काम करत होते. कातरण निवडायचं काम चाची रात्रीच करून ठेवायच्या. कागद वाळले की त्याच मोजून बांधायच्या, पण बियांकडे त्यांचंही लक्ष गेलं नव्हतं. ओल्या कागदावर बी पेरायचं तेवढं चाचा स्वतः करायचे, कारण किती पडतंय ते बोटांच्या चिमटीत कळतं असं त्यांचं म्हणणं. बी बदललंय हे ओल्या बोटांना कळलं नाही. मी विचारलं, इतके दिवस का लपवलं? चाचींनी सरळ सांगितलं. त्यांना वाटत होतं, बाईंना कळलं तर काम बंद होईल.

मी म्हणाले, मी असं केलं नसतं. आणि म्हणता म्हणता मला ते नक्की वाटेना. दोनशे कागदांचं लग्नाचं काम, दिसत नाही अशा माणसाला मी दिलं असतं का? मनातल्या मनात मी त्या प्रश्नाभोवती दोन-तीन वेळा फिरून आले आणि सोडून दिला.

त्या संध्याकाळी मी पुन्हा चाचांकडे गेले. चाचींनी त्यांना सांगून टाकलं होतं. ते बाजेवर बसले होते, माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. मला वाटलं, आता माफी मागतील, किंवा चिडतील. त्यांनी वेगळंच विचारलं. "लग्नवाल्या बाईंना माजं नाव सांगितलं का?"

मी म्हणाले, नाही, तुम्हाला त्रास नको म्हणून.

"चोरी केली का मी?" ते म्हणाले. "चुकलो. चुकलेल्या माणसाला नाव असतंय की."

मग मी जाऊबाईंचं बोलणंही सांगितलं, कबरीचं, कारण आता ते झाकून काय करणार होते. ते ऐकून त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, बरोबर हाय त्यांचं, आमी घालतोच. आणि दुसऱ्याच दिवशी त्या घरी जायचं म्हणून हटून बसले. मी खूप समजावलं. फोन करू, मी एकटी जाते, चार दिवस जाऊ दे. त्यांनी चाचींना धुतलेला कुडता काढून ठेवायला सांगितलं. चाचींनी मला डोळ्यांनीच सांगितलं, की आता उपयोग नाही.

रिक्षातून आम्ही तिघं गेलो. दार मुलीच्या आईंनीच उघडलं. चाचा उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. स्वच्छ पांढरा कुडता घातला होता, एक हात चाचींच्या खांद्यावर. त्यांनी बसायला सांगायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. ताई जिथे उभ्या होत्या तिथून जरा डावीकडे, दाराच्या चौकटीकडे बघून बोलत होते.

"ताई, तुमच्या मुलीच्या लग्नाचा कागद मी केला. बी माज्याकडून चुकलं. नजर गेली माजी, मी कुणाला सांगितलं न्हाई. या बाईंनापण न्हाई. तुमी मागितली ती तुळस मी पुन्ना करून देतो, दोनशेच्या दोनशे. पैसे न्हाई घेणार."

ताई पुढे आल्या, आणि त्यांनी चाचांचा दुसरा हात धरून त्यांना उंबरा ओलांडून आत घेतलं. पंख्याखाली बसवलं. आतून पन्हं आणलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

नंतर त्यांनी जे सांगितलं त्याने माझा गोंधळ आणखीच वाढला. मुलगी पुण्याला नांदते. तिनेही एक कुंडी नेली होती. आदल्या रात्री आईने तिला घाबरत घाबरत विचारलं, ते रोप टाकून दिलंस का? मुलगी म्हणाली, टाकू कशाला, आई, ते बेसिल आहे, इथे दुकानात एवढीशी जुडी विकत घ्यावी लागते. ती आणि जावई गेले आठ दिवस ती पानं पिझ्झावर घालून खात होते. फोटोही पाठवला होता. ताईंनी फोन काढून तो आम्हाला दाखवला. चाचींनी बघितला आणि चाचांना कानात सांगितलं. चाचा म्हणाले, खातात? ताई म्हणाल्या, हो, आवडीने. चाचांनी समोरचा पन्ह्याचा पेला चाचपून उचलला.

मला एकाच आठवड्यात एका रोपाबद्दल इतकं काही कळलं होतं की ते नक्की काय आहे हेच मला सांगता आलं नसतं. होटगीच्या म्हातारीला ते वेणीतलं पान होतं, जाऊबाईंना कबरीवरचं, चाचींना सरबताचं, पुण्याच्या मुलीला पिझ्झ्यावरचं. आणि माझ्या हस्ताक्षरात, दोनशे ठिकाणी, ती तुळस होती.

जाऊबाईंचं काय झालं ते मी विचारलं नाही. ताईंनी एवढंच सांगितलं की आपल्याकडची कुंडी जाऊबाईंनी मोलकरणीला देऊन टाकली. दोनशे कागद पुन्हा करायला ताईंनी नको म्हणून सांगितलं. निघताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आधी यांचे डोळे दाखवा.

डोळे दाखवले. डॉक्टर रागावले. डाव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू होता, तो काढता येणार होता. उजव्यात काचबिंदू, तिथलं गेलेलं परत येणार नव्हतं. वेळेवर आले असते तर थोडं राहिलं असतं, असं ते म्हणाले. चाची ते ऐकत होत्या. त्यांनी तोंडावर बुरख्याचं टोक दाबलं, पण चाचांना कळू दिलं नाही. माझ्या मनात सारखं येत होतं, की कडा वाकड्या यायला लागल्या तेव्हाच मी एकदा विचारलं असतं तर. पण वाकड्या कडा तर मलाच हव्या होत्या.

शस्त्रक्रिया नीट झाली. महिन्याने चाचा काळा चष्मा लावून दुकानात आले. खुर्ची घेतली नाही, सरळ फळीकडे गेले. त्या सात-आठ महिन्यांतल्या वह्या आणि सुटे कागद तिथे होते. एकेक काढून ते डाव्या डोळ्याजवळ नेत होते. मला वाटलं, त्यांना कौतुक वाटेल. न बघता केलेलं काम होतं, आणि माझ्या मते ते त्यांचं सगळ्यात चांगलं काम होतं. गिऱ्हाइकं तेच मागत होती. ते वळले आणि विचारलं, "हे मी केलं?" मी हो म्हणाले. त्यांनी सगळा गठ्ठा काखेत मारला. मी अडवायला गेले तर म्हणाले, असलं काम माझ्या हातचं म्हणून विकू नका. दोन दिवसांत तो सगळा परत लगदा झाला होता.

त्यालाही आता सहा-सात महिने झाले; त्यांचे कागद पुन्हा पट्टीने आखल्यासारखे येतात. परवा एका बाईंनी वही उलटून पालटून बघितली आणि विचारलं, हे मशीनवर करतात का? मी नाही म्हणाले. त्यांना पटलेलं दिसलं नाही. चाचांना हे सांगावं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आता मुलीच्या आईंचा पुन्हा फोन आलाय. मुलगी डोहाळजेवणाला माहेरी येणार आहे. त्यांना तसेच कागद हवेत, आणि यावेळी त्यात सब्जाच हवा, मुलीची तशी मागणी आहे. जाऊबाईंचं मी बघून घेईन, असं त्या हसत म्हणाल्या. मी चाचांना विचारलं. ते म्हणाले, तुळस घालून देतो, झेंडू घालून देतो, सब्जा घालणार नाही. मी कारण विचारलं. म्हणाले, चुकून झालेलं काम परत मागायचं नसतं. चाचींना विचारलं तर त्या म्हणाल्या, त्यांनाच विचारा.

हे त्यांना खरंच पटत नाही, की त्या डबीला हात लावायचा नाही असं त्यांनी ठरवलंय, ते मला समजत नाही. ताईंना मी "बघते" म्हणून सांगितलंय. चाचांनाही तेच सांगितलंय. डोहाळजेवण पुढच्या महिन्यात आहे, आणि कागद वाळायलाच चार दिवस लागतात.